रेडिओचोराचे नाव काय होते?

मागच्या उन्हाळ्यात आम्ही वस्तीतल्या अभ्यासवर्गात ‘अर्धसत्य’ दाखवला. विहाराच्या हॉलमध्ये पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टर एका मित्राकडून मागून आणला, पंचवीस-तीस पोरेपोरी सतरंजीवर बसली. शेवटी सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर रामा शेट्टीचा गळा दाबतो तेव्हा हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या, टाळ्या पडल्या. सिनेमा संपल्यावर आम्ही एकच प्रश्न विचारला, "सिनेमात पोलीस कोठडीत एक माणूस मरतो. तो कोण?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागून एक पोरगी म्हणाली, "सर, तो रेडिओ चोरणारा ना? त्याचं नाव काय होतं?" हॉलमधल्या एकालाही ते आठवेना. खरे सांगायचे तर आम्हालाही आठवले नाही.

रामा शेट्टी, वेलणकर, प्रेयसी ज्योत्स्ना, दारूत बुडालेला लोबो ही सगळी नावे पोरांच्या तोंडावर होती. ज्याच्या मरणामुळे अख्ख्या कथेला कलाटणी मिळते तो मात्र नुसता ‘चोर’ राहिला. त्या रात्री घरी जाताना आम्ही ठरवले की यावर लिहायचे, कारण ही विसरभोळेपणाची गोष्ट नाही. गुन्हेगारी आणि पोलीस एकत्र कसे नांदतात हे समजायचे असेल तर याच विसरलेल्या माणसापासून सुरुवात करावी लागते.

सिनेमातली मुंबई कशी चालते?

‘अर्धसत्य’ १९८३ चा. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शन केले. भाषा हिंदी असली तरी कथेची हाडेमांसे मराठी आहेत. यातली मुंबई काल्पनिक आहे, पण या मुंबईचे नियम इतके नेटके मांडलेले आहेत की समाजशास्त्राच्या वर्गात हा सिनेमा पाठ्यपुस्तकासारखा वापरता यावा.

पहिला प्रसंग आठवा. वेलणकर रामा शेट्टीची तीन माणसे पकडतो. शेट्टी त्यांना सोडायला सांगतो, वेलणकर नकार देतो. शेट्टी चिडत नाही, धमकीही देत नाही, हसतो. नवा पोरगा आहे, शिकेल, असे त्या हसण्यात आहे.

दुसरा प्रसंग. झोपडपट्टीतला एक माणूस तक्रार घेऊन येतो की काही गुंड त्याच्या बायकोला त्रास देतात. वेलणकर त्या गुंडांना आत घेऊन बदडतो. ती निघतात आमदाराची माणसे. आमदार वेलणकरच्या निलंबनाची मागणी करतो. वरिष्ठ निरीक्षक हैदर अली अनुभवी आहे, तो दिल्लीपर्यंत ओळखी असलेल्या देसाई नावाच्या मध्यस्थाला गाठतो आणि प्रकरण मिटते. मिटते म्हणजे काय? वेलणकरची नोकरी वाचते, आमदाराचा मान राहतो, मध्यस्थाचे वजन वाढते. त्या बाईच्या छळाचे पुढे काय झाले हे कोणाच्याच हिशेबात नसते.

तिसरा प्रसंग सर्वात बोलका आहे. जाळून टाकलेला एक माणूस मरताना रामा शेट्टीचे नाव घेतो. मृत्यूपूर्व जबाब म्हणजे कायद्यातला वजनदार पुरावा. वेलणकर अटक करायला जातो. शेट्टी शांतपणे फोन उचलतो, वरच्या साहेबाशी बोलतो, आणि वेलणकरला हात हलवत परत यावे लागते. शेट्टीला महापालिकेची निवडणूक लढवायची असते, त्याच्या नावाला डाग लागता कामा नये.

आता चौथा प्रसंग याच्या शेजारी ठेवा. एका किरकोळ चोराने ट्रान्झिस्टर रेडिओ चोरलेला असतो. त्याच्यासाठी फोन करणारे कोणी नसते. वेलणकर त्याला कोठडीत मारतो आणि मारतच राहतो. चोर मरतो.

माणूस जाळल्याच्या आरोपाला अटकसुद्धा नाही, आणि रेडिओ चोरल्याची शिक्षा मृत्यू. दोन्ही निकाल एकाच पोलीस ठाण्यातले, आणि दोन्ही न्यायालयाची पायरी न चढता लागलेले. फरक एका टेलिफोनचा.

भ्रष्टाचार म्हणून मोकळे होऊ नका

आपले लोक यावर चटकन म्हणतात, "पोलीस भ्रष्ट आहेत, दुसरं काय!" पण वेलणकर भ्रष्ट नाही. तो पैसे खात नाही. हैदर अलीही वाईट माणूस नाही, तो तर पोराला वाचवायला धडपडतो. तरीही व्यवस्था बिनबोभाट चालते. याचा अर्थ असा की तिला चालायला वाईट माणसांची गरजच नाही. प्रत्येकाने आपापली जागा सांभाळली की पुरे.

मॅक्स वेबरने राज्यसंस्थेची ओळख अशी सांगितली की एका प्रदेशात वैध बळ वापरण्याचा हक्क फक्त तिच्याकडे असतो. पुढे १९८५ मध्ये चार्ल्स टिली या अभ्यासकाने युरोपच्या इतिहासाकडे बोट दाखवून म्हटले की राज्य उभारणीची रीत संघटित गुन्हेगारीशी बरीच मिळतीजुळती आहे. धोका निर्माण करायचा आणि त्याच धोक्यापासून संरक्षण देण्याचे दाम घ्यायचे. आपल्याकडे याला हप्ता म्हणतात. ‘अर्धसत्य’च्या मुंबईत बळ वापरण्याचा हक्क एकाच हाती नाही, तो वाटून दिलेला आहे. वस्तीत शेट्टीचा आणि कोठडीत पोलिसांचा. एकमेकांच्या हद्दीत शिरायचे नाही, आणि शिरायचे झालेच तर फोन करून.

या वाटणीत सगळ्यांचे भागते. पुढाऱ्याला निवडणुकीत राबणारी पोरे मिळतात. दादाला धंद्यासाठी निवांतपणा मिळतो. पोलीस ठाण्याला इलाख्यात शांतता मिळते, खबरे मिळतात, आणि महिन्याच्या आकड्यांसाठी पकडायला किरकोळ चोर मिळतात. रेडिओचोर या व्यवस्थेचा अपघात नाही. मोठ्याला हात लावता येत नाही, तेव्हा कायदा चालू असल्याचे दाखवायला कोणीतरी लागतो. तो हा.

वरचा अपमान, खालचा मार

वेलणकरला चोराचा इतका राग का येतो? सिनेमा याचे उत्तर प्रामाणिकपणे देतो. वेलणकरला पुढे शिकायचे होते. हवालदारकी केलेल्या मारकुट्या बापाने जबरदस्तीने पोलिसात घातले. शेट्टीच्या दारातून अपमान घेऊन परत आला. एका खतरनाक दरोडेखोराला जिवावर उदार होऊन पकडले, तर श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला गेले. एवढे सगळे गिळून तो कोठडीत येतो. तिथे पहिल्यांदा असा माणूस समोर असतो ज्याच्यापुढे वेलणकरची सत्ता पूर्ण चालते.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. वरच्याने केलेला अपमान माणूस सहन करतो, कारण त्याच्या खाली अपमान करायला आणखी कोणीतरी शिल्लक असते. म्हणून पिळले जाणारे सगळे एक होत नाहीत आणि डोलारा टिकून राहतो. ‘अर्धसत्य’च्या पोलीस ठाण्यात आम्हाला हीच उतरंड दिसते. साहेब इन्स्पेक्टरला दाबतो, इन्स्पेक्टर सब-इन्स्पेक्टरला गप्प करतो, आणि सब-इन्स्पेक्टरचा हात चोरावर पडतो. चोराच्या खाली कोणी नाही, म्हणून मार तिथे येऊन थांबतो.

पोलिसांच्या बाजूनेही हे पाहायला हवे. सिनेमा येण्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९८२ मध्ये, मुंबईच्या पोलीस शिपायांनीच उठाव केला होता आणि तो मोडायला सरकारला बाहेरून सशस्त्र दले आणावी लागली. शिपाईसुद्धा कोणाच्या तरी टाचेखाली होता. पण वरच्या टाचेखाली असलेला माणूस खालच्याचा मित्र होतोच असे नाही, हे आपल्याला गावगाड्याने शिकवले आहे.

आता शिट्ट्यांकडे येऊ. वेलणकर शेट्टीचा गळा दाबतो तेव्हा नेमके काय बदलते? कोठडीतल्या मरणामुळे निलंबित झालेला वेलणकर स्वतःच्या सुटकेसाठी शेट्टीकडे आलेला असतो. शेट्टी तोवर नगरसेवक झालेला आहे. त्याच्याकडे काम करण्याची अट ऐकून वेलणकरचा तोल जातो. हा खून त्या चोरासाठी नाही, जाळलेल्या माणसासाठी नाही, झोपडपट्टीतल्या बाईसाठी नाही. तो वेलणकरच्या स्वतःच्या अपमानासाठी आहे. शेट्टी गेला, पण फोन तिथेच आहे, फोन घेणारा साहेब तिथेच आहे आणि कोठडीही तिथेच आहे. निहलानी-तेंडुलकरांनी याला अर्धे सत्य म्हटले. आपण शिट्ट्या वाजवून त्याला पूर्ण सत्य करून टाकतो.

पडद्याबाहेर

सिनेमा घडवणाऱ्या मुंबईची दोन वर्षे आठवा. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात आंबेडकर कॉलेजजवळ मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतली पहिली गाजलेली चकमक म्हणून ती ओळखली जाते. आठवड्याने, १८ जानेवारीला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या मोडल्या, चाळींतली पोरे रिकामी झाली, आणि टोळ्यांना भरतीची कधी ददात पडली नाही. पुढे १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर केंद्राने गृहसचिव वोहरा यांची समिती नेमली. टोळ्या, राजकारणी आणि सरकारी अधिकारी यांचे साटेलोटे त्या समितीने सरकारी कागदावर नोंदवले. १९९९ मध्ये महाराष्ट्राने मकोका आणला. एवढे कायदे, एवढ्या चकमकी होऊनही आपल्या वॉर्डातला ‘भाऊ’ संपला का? बॅनरवर बघा, वाढदिवसाचा फोटो आहे.

आणि रेडिओचोर? त्याची वंशावळ फार जुनी आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा करून पोटातल्या लेकरालाही गुन्हेगार ठरवले. माणसांना सेटलमेंटच्या तारेमागे ठेवले, हजेरी लावली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि ठाण्यातल्या वहीतली नावे तीच राहिली. आजही पारधी तांड्याजवळ चोरी झाली की पोलीस पुराव्याच्या आधी तांड्यावर पोचतात. सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल देऊन सांगावे लागले की तुरुंगात जातीवरून कामे वाटणे आणि विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणे घटनाबाह्य आहे. प्रजासत्ताक तेव्हा पंचाहत्तरीत होते!

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंगविषयक आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा सिद्ध न होता आत बसलेले. त्यात अनुसूचित जातींचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. यांच्यासाठी फोन करणारे कोणी नाही.

परभणी तर अजून ओली जखम आहे. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. कायद्याचे शिक्षण घेणारा, वडार समाजातला आपला एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमांची नोंद झाली. गुन्हा नोंदवा, असे सांगायला उच्च न्यायालय लागले, आणि तोवर २०२५ चा जुलै उजाडला. त्याच्या हातात रेडिओ नव्हता, कायद्याचे पुस्तक होते. उतरंडीला त्याने काही फरक पडला नाही.

आपल्याच घरातले दोन आक्षेप

हे लिहिताना आम्हाला आपल्या पोरांचे दोन आक्षेप आधीच ऐकू येतात.

पहिला: "बलात्काऱ्याला, गुंडाला पोलिसांनी ठोकलं तर तुमच्या पोटात का दुखतं? न्यायालयात वीस वर्षं जातात." न्यायालयात वर्षे जातात हे खरे आहे, आम्हीही तारखांना जाऊन बसतो. पण एक विचार करा. अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार घेऊन आपण ठाण्यात जातो तेव्हा आपल्या हातात काय असते? जमीन नाही, पैसा नाही, फोन नाही. फक्त कायदा असतो. १९८९ च्या कायद्यात कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला शिक्षेची तरतूद आहे, तिच्यावर बोट ठेवून आपण गुन्हा नोंदवायला लावतो. ज्या पोलिसाला आपण टाळ्या वाजवून सांगितले की कायदा बाजूला ठेवलास तरी चालेल, तो आपली तक्रार नोंदवतानाही कायदा बाजूला ठेवेल. पुस्तक एकच आहे. एका बाजूने फाडा आणि दुसऱ्या बाजूने वाचा, असे होत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावले होते की ती हुकूमशाहीकडे नेते. खाकीतल्या हिरोची भक्ती त्याच वाटेवरची आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: "सर, पोलीस येत नाहीत, भाऊ येतो. दवाखान्याचं बिल भाऊ भरतो, जयंतीला डीजे भाऊ देतो." हे खोटे नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या मावशीला आम्ही तत्त्वज्ञान सांगू शकत नाही. पण हिशेब पूर्ण मांडा. आमच्या माहितीतल्या एका एकोणीस वर्षांच्या पोराने भाऊच्या सांगण्यावरून एका भांडणात काठी चालवली. भाऊ त्या दिवशी गावात नव्हता म्हणे. पोरावर गंभीर कलमे लागली, पोलीस भरतीची तयारी बुडाली, आईने कानातले विकून जामीन केला. भाऊचा फोन लागत होता, पण भाऊने तो या पोरासाठी लावला नाही. भाऊच्या फौजेत आपण शिपाई असतो, आणि आकडे भरायची वेळ आली की त्याच फौजेतला रेडिओचोर होतो. ज्या वर्गणीच्या पावतीवर भाऊचे नाव सर्वात वर असते, त्या जयंतीत बाबासाहेबांचे नाव कितव्या क्रमांकावर राहते, हे मंडळांनी एकदा स्वतःला विचारावे.

फोन नाही, तर कागद

मग करायचे काय? रामा शेट्टीच्या फोनला आपण फोनने उत्तर देऊ शकत नाही. आपल्याकडे कागद आहे आणि माणसे आहेत. आमच्या वस्तीत आम्ही सात जणांचा गट केला आहे. रात्री कोणाला उचलले असे कळले की दोघे ठाण्यात जातात. भांडायला नाही, विचारायला.

त्यांना एवढे पाठ आहे: घटनेच्या कलम २२ प्रमाणे अटकेचे कारण सांगावे लागते आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. डी. के. बसू खटल्याच्या १९९६ च्या निकालाप्रमाणे अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने करावा लागतो, नातेवाइकाला कळवावे लागते, वैद्यकीय तपासणी करावी लागते. डिसेंबर २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला आणि चित्रण जपून ठेवायला सांगितले आहे, म्हणून मारहाणीची शंका आली की त्याच दिवशी चित्रणासाठी लेखी अर्ज द्यायचा. तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायची, तरीही नाही झाले तर दंडाधिकाऱ्याकडे जायचे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसह.

याने रामा शेट्टी संपत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. पोलिसांवरचा राजकीय दाब कमी करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्येच दिले, ते आजही सरकारे मनापासून पाळत नाहीत. ती लढाई मोठी आहे, ती रस्त्यावर आणि सभागृहात लढावी लागेल. पण कोठडीतल्या माणसाचे नाव, वेळ आणि अंगावरच्या खुणा कागदावर आल्या, तर तो नुसता ‘चोर’ राहत नाही. तो कलम २१ चा मानकरी नागरिक होतो. चोरी केली असेल तर चोरीची शिक्षा भोगेल. मरणार नाही.

त्या रात्री प्रश्न विचारणारी पोरगी आता या गटात आहे. मागच्या महिन्यात ती पहिल्यांदा ठाण्यात गेली. मोबाईल चोरीच्या संशयावरून आणलेल्या एका पोराबद्दल विचारायला. हवालदाराने विचारले, "तू कोण त्याची?" ती म्हणाली, "कोणी नाही. पण त्याचं नाव लिहून घ्यायला आलेय." त्या पोराला दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले. अंगावर वळ नव्हते.

पुढच्या वेळी ‘अर्धसत्य’ दाखवू तेव्हा शिट्ट्या वाजल्या तरी चालतील. फक्त त्याआधी, कोठडीच्या प्रसंगाला, सिनेमा थांबवून आम्ही पुन्हा विचारू: याचे नाव काय?

जय भीम! जय संविधान!